पांढरी पाचपासून ब्लूज

बाबा, तुझ्या पेटीच्या काळ्या पट्ट्या धरमतरच्या खाऱ्या हवेनं मुक्या झालेल्या, आठवतंय काय? काळी दाबली की नुसता वारा. तू मिठागरावरून यायचास, पाय धुवायचास आणि भजनाला बसायच्या आधी पेटी पुसायचास. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. शाळा तिसरीत सुटलेली. तू घरात नसलास की मी पेटीशी, आणि बोलत्या होत्या त्या पांढऱ्याच, मग त्यांच्यावरच खेळायचे. पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, वाजवलं तर सगळे शुद्ध सूर, प्रार्थनेसारखे सरळ. पण त्याच पट्ट्या पांढरी पाचला सा धरून वाजवल्या की वरचा नी आपोआप कोमल व्हायचा आणि सगळं कसं लाडात आल्यागत वाटायचं. एकदा मंडळी ओटीवर जमलेली असताना मी ते वाजवलं. तू माझं मनगट धरून हात उचललास. "सा हाय तिथंच ऱ्हातो. आणि पोरीनं चारचौघांत पेटीला हात लावायचा नाय." ओरडला नाहीस, हळू बोललास. ओरडला असतास तर विसरले असते.

आता मी लेकीकडे रोह्याला असते. जावयाला कंपनीत शिफ्ट, लेकीचं शिवणकाम, आणि नात कॉलेजातून आली की गिटार घेऊन बसते. मागल्या महिन्यात मी वाल सोलत बसलेय, मोड चांगले आलेले, बिरडं करायचं होतं, आणि ही आपली एकच रडगाणं वाजवतेय.

"काय गो, कोण वारलं काय?"

"आजी, हे ब्लूज हाय. तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे तीन जुडगे, चार-चार मात्रांची बारा घरं, पुन्हा पहिल्यापासून. गिटारच्या सरांनी पाच सूर दिलेत, तेच तिन्ही कॉर्डवर फिरवायचे."

"पाचच? बाकीच्यांनी काय पाप केलं?"

हसली. म्हणाली, सगळे शुद्ध सूर घेतले की मेजर स्केल होतं, पण ब्लूजवर ते बाळबोध वाटतं, टोचतं. मी म्हटलं, कुठं टोचतं ते दाखव. गल्लीतल्या भजनी बायकांची पेटी आणली. पेटीवाली म्हणते, "म्हातारपणी इंग्रजी भजन काय गो?" मी म्हटलं, "तू ऐकायला ये, टाळ घेऊन ये."

नातीनं पहिली कॉर्ड पांढरी पाचवर धरली. मी तिथूनच सगळे शुद्ध सूर लावले, त्यात काळी तीन येते. खरंच टोचली, बाबा, माशाचा काटा घशात लागावा तशी, कारण त्या कॉर्डच्या पोटात आधीच कोमल नी बसलेला. मग माझा हात आपसूक तुझ्या पेटीवर असल्यागत चालला. काळी सोडली, नुसत्या पांढऱ्या. बसलं की! म्हणजे पट्ट्या पांढरी एकच्या शुद्ध सप्तकाच्या, आणि बसायचं मात्र पांढरी पाचवर. दुसरी कॉर्ड पांढरी एकवर, तिथं पांढरी सात सोडून काळी पाच घ्यावी लागली. तिसरी पांढरी दोनवर, तिथं मघाची टोचणारी काळी तीनच गोड झाली. दोन दिवस खटपट केली तेव्हा कळलं की कॉर्ड ज्या सुरावर उभी, त्याला सा धरून जो मध्यम येतो, त्याचं शुद्ध सप्तक घ्यायचं, तिन्हीकडे तेच. नातीनं वहीत लिहून घेतलं. आणि पहिल्या कॉर्डवर शुद्ध गंधाराला जाताना कोमल गंधाराला नखभर शिवून गेलं की तिचं ते रडू पण राहतं, वर हसू येतं.

मग सरांच्या मुलांचा कार्यक्रम ठरला आणि मी म्हटलं, मी पण वाजवणार, एक फेरी. लेक म्हणाली, "आई, लोक हसतील." म्हटलं, हसूदे, तोंडं त्यांची. पण तुला सांगते, त्या दिवसापासून जेवणात लक्ष नाय. भाजीत दोनदा मीठ पडलं. मनगटाला तुझी बोटं लागल्यासारखी वाटायची, अजून, एवढ्या वर्षांनी. रोज दुपारी भांडी झाली की बसायचे. आधी दोनच सूर, लांब धरून, मग तीन. सगळं सप्तक ओतायचं नाय हे मला कोणी शिकवलं नाय. एका घरात थोडं बोलायचं, पुढच्या घरात गप्प राहून ऐकायचं.

कार्यक्रमात नात वाजवतेय, आणि सातव्या-आठव्या रांगेपर्यंत माणसं. मी भाता उघडते. पहिली चार घरं सरळ गेली. दुसरी कॉर्ड आली आणि माझं बोट काळी पाच विसरून पांढरी सातवर पडलं. करकचून टोचली. नातीनं मान वळवली. हात उचलावा असं वाटलं, पण नाय उचलला. तिथंच धरून ठेवला, टोचूदे म्हटलं, आणि मग अलगद वर पांढरी एकवर गेले. मागून कोणीतरी "आयला!" केलं आणि टाळ्या. बाकीची घरं मी कशी वाजवली मला माहीत नाय, पण बारावं संपलं तरी मी थांबले नाही. नात हसत पुन्हा पहिल्या घरात आली. एक फेरी म्हणता म्हणता तीन झाल्या. खाली उतरल्यावर सर विचारतात, "आजी, तो सूर मुद्दाम धरलात?" मी म्हटलं, "मग काय!"

हे मी नातीच्या वहीच्या मागल्या पानावर लिहितेय, फाडून ठेवून देईन. तुझ्यापर्यंत कोण पोचवणार? भांडायला बसले होते खरं तर, सा हलतो, बघ, असं ठणकावून लिहायचं होतं. पण एक कबूल करते, बाबा. महिनाभर तुझं बोलणं डोक्यात होतं, आणि त्या तीन फेऱ्यांत मला तुझी एकदापण आठवण आली नाय.