मास्तरांचं आतडं आणि देवाची मर्जी

गुरुवार, ९ जानेवारी

मास्तरांच्या घरी अख्खी संध्याकाळ गेली! आणि कशात — तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या रक्तस्रावात. बारा वर्षं अंगावरून जात होतं, वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवलं आणि दुखणं उलट वाढलं, असं एका शुभवर्तमानात आहे. दुसरं लिहिणारा स्वतः वैद्य. त्याने नेमकं ते वाढल्याचंच गाळलं! सेल्विनला एवढं पुरलं. सेल्विन मुलांचा डॉक्टर. पण ग्रीक भाषा त्याच्या डोक्यात शिरल्यापासून मुलं बिचारी बाहेर खोकत बसतात. "जातभाईंना सांभाळून घेतलं रे त्याने!" म्हणून स्वतःच हसत सुटला. मग तिच्या गर्भाशयात गाठ होती की मुळात रक्तच गोठत नव्हतं, यावर सगळ्यांची जुंपली.

मास्तर एरवी अशा वेळी कपावर चमचा वाजवतात. आज वाजवला नाही. कॉफीत बुडवलेलं बिस्कीट विरघळून तळाशी गेलं तरी तसेच बसून राहिले. शेवटी म्हणाले, "पोरांनो, माझ्या आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची. शेला शहरात जाऊन तपासून आलोय."

आणि सेल्विनने — देवा! — डोळे मिटून प्रार्थनाच सुरू केली. मी मधेच विचारलं, "पसरलीय का?" सगळ्यांनी असं पाहिलं माझ्याकडे, जसं काही मी वेदीवर चपला ठेवल्या.

"नाही पसरलेली," मास्तर म्हणाले.

मग झालं तर! कापून काढू, मी म्हटलं.

"देवाची मर्जी असेल तर."

शुक्रवार, १० जानेवारी

रिपोर्ट आज नीट पाहिले. डाव्या बाजूला आहे, यकृत स्वच्छ. आत्ता काढली तर माणूस वाचेल. ठेवली तर थोड्या महिन्यांत आतडं बंद पडेल आणि मग धावाधाव. यात विचार करण्यासारखं काय आहे?

मास्तर म्हणजे डॉ. एलिसेओ राकानकोह, पण या मिशन हॉस्पिटलात त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी शिकून गावी परतले तेव्हा चर्चमध्ये सांगत, डोकं दारात काढून ठेवा. त्याआधी कॉलेजात सांगत होते, देव दारात काढून ठेवा. मास्तर म्हणाले, दोन्ही घेऊन गुरुवारी माझ्या घरी ये, कॉफी देतो. त्या टेबलामुळे मी डॉक्टरही राहिले आणि ख्रिस्तीही. नाहीतर दोन्हीतलं एक कधीच सुटलं असतं. कुठलं, ते सांगता येत नाही.

हॉस्पिटलात सर्जन मी एकटी. त्यामुळे ऑपरेशन कोण करणार हे ठरवावंच लागलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

बुधवारची तारीख दिली, २२ची. उत्तर? "देवाची मर्जी असेल तर, पोरी."

मला या वाक्याचा उबग आला आहे. आमच्या गावात 'नाही' म्हणणं असभ्य. टाके काढायला सोमवारी या — देवाची मर्जी असेल तर. म्हणजे येणार नाही. गळका नळ उद्या दुरुस्त कराल ना — देवाची मर्जी असेल तर. म्हणजे बादली लावून ठेवा. इथल्या लोकांनी स्वतः कधी कुणाला नकार दिलाय? सगळे नकार देव देतो! आणि आता मास्तरसुद्धा? ज्यांनी आयुष्यभर पेशंटना खडसावलं की बाबांनो, देवाने गोळ्याही बनवल्यात!

गुरुवार, १६ जानेवारी

आज बायबलातून दोन राजे काढले.

मास्तरांचा राजा: पायाला रोग झाला, देवाऐवजी वैद्यांकडे गेला, आणि मेला. माझा राजा: मरायला टेकला होता, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, तरीही संदेष्ट्याने सांगितलं — गळवावर अंजिरांचा लेप लावा! मी म्हटलं, "मास्तर, शब्द दिल्यावरही लेप लावायला लावला की नाही? मग माझा चाकू म्हणजे अंजीरच समजा."

सगळे हसले. मास्तरही हसले. वाटलं, जिंकले.

तर म्हणाले, "पण लेप लावून घेताना तो राजा भिंतीकडे तोंड करून किती रडला होता, ते विसरलीस." आणि मग अर्धा तास त्या भिंतीवर बोलले. शरण जाणं म्हणजे काय, बरं होणं आणि वाचणं यांत फरक काय. इतकं सुंदर बोलले की सेल्विनच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं असतं, पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं आतडं होतं.

बुधवार, २२ जानेवारी

आले नाहीत. थिएटर तयार, रक्ताची सोय केलेली, मी हात धुऊन उभी. आले नाहीत!

तशीच त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, बेर्ताबाईंनी, दारातच मक्याची गरम पेज हातात दिली. "झोपलेत गं. रात्रभर वाचत होते."

"काय वाचत होते?"

"मला काय कळतंय? जाड होतं."

मी पेज प्यायले. काय करणार? ती बाई भांडूच देत नाही.

सोमवार, २७ जानेवारी

आज अपेंडिक्सच्या ऑपरेशनला मिर्नाने भलताच चिमटा दिला. मी तो ट्रेमध्ये असा भिरकावला की तो खाली, पाठोपाठ ट्रेही खाली. मिर्ना माझ्यापेक्षा वयाने मोठी, जुनी नर्स. तिने वाकून सगळं गोळा केलं. पेशंट उत्तम आहे. पण सगळे मला दबकून वागतात याचाही आता मला राग येतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज भडका उडाला.

मास्तर आजारपणात काय काय शिकतोय ते सांगत होते. दुर्बळपणा हीही एक भाषा आहे, वगैरे. दोन किलोने उतरलेत — गालावर दिसतं. आणि ही मंडळी वह्या काढून टिपून घेत होती! सेल्विन म्हणाला, "मास्तर, हे छापायला हवं."

मी म्हटलं, "छाप. मृत्युलेखाबरोबरच छाप, कागद वाचेल."

बेर्ताबाई स्वयंपाकघराच्या दारात थिजल्या. मला जीभ चावावीशी वाटली, पण तोंड थांबेना. "तुम्हाला भीती वाटतेय मास्तर, दुसरं काही नाही. चाकूची भीती! शेतातून येणारा म्हातारा सरळ सांगतो, डॉक्टरीणबाई, भ्यालोय. तुम्ही शिकलेले, म्हणून तुमच्या भीतीला शास्त्राचे आधार!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "भीती तर आहेच."

बाहेर पडल्यावर सेल्विन गाडीपर्यंत आला. चाचरत म्हणाला, "नोएमी, शेलाला ओट्टोकडे नेऊया का त्यांना? तो आतड्यांचंच काम करतो रोज."

ओट्टोकडे! आमच्याच वर्गातला, मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेला, दोन गुरुवार येऊन तिसऱ्याला न आलेला. रविवारी चर्चच्या वेळेला डोंगर चढतो. मी म्हटलं, "मास्तर देवाचं नाव घेऊन माझ्याकडे येत नाहीत, ते देव न मानणाऱ्याकडे जातील? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

रविवार, ९ फेब्रुवारी

उपासनेत तिसऱ्या गाण्याला मास्तर पोट धरून खाली बसले. लोकांना वाटलं, गुडघे टेकले. त्यांच्या मागच्या बाकावरच्या बायकांनीही टेकले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल मी गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप धाडला. खोटं. डोकं नाही, मी दुखतेय. माझे वडील गेले तेव्हा मी फार लहान होते. माणूस समोर बसून जाणार आणि आपण कॉफी पीत त्याच्याशी वाद घालणार, हे मला सोसत नाही. मला ते हवे आहेत. बस्स. यात धर्मशास्त्र नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

गेले. कान धरून स्वतःला नेलं.

आजचा उतारा तळ्याकाठच्या लंगड्याचा. अडतीस वर्षं पडून आहे, आणि प्रभू त्याला काय विचारतो — तुला बरं व्हायचंय का? सेल्विन 'व्हायचंय' या क्रियापदाला भिडला. दुसऱ्याचं म्हणणं, हा प्रश्न क्रूर आहे. तिसऱ्याचं, आजच्या भाषेत ही रुग्णाची संमती. मी ऐकत होते आणि एकदम लक्षात आलं.

हे आपण त्यांना विचारलंच नाही! मी तारखा दिल्या. राजे दिले. शिव्या दिल्या. सहा आठवड्यांत एकदाही विचारलं नाही.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "मास्तर, तुम्हाला बरं व्हायचंय का?"

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "हो गं. फार." आणि त्यांचा आवाज फुटला.

बेर्ताबाई एप्रनने डोळे पुसत होत्या. सेल्विनचं क्रियापद तिथेच राहिलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

थिएटर मंगळवारी सकाळी. मिर्नाला सांगितलं, रक्ताचं सांगितलं. सकाळपासून गुणगुणतेय म्हणे मी. आयांनी एकमेकींना डोळे मोठे करून दाखवले.

दुपारी मास्तरांना फोन केला. "मंगळवार, सकाळी सात. उपाशी या."

आणि मग —

"देवाची मर्जी असेल तर."

मी फोन ठेवला. ठेवला नाही, आपटला! बरं व्हायचंय, फार व्हायचंय, आणि तारीख दिली की देव आडवा! हा कसला माणूस? मी आता यांच्यासाठी प्रार्थनाही करणार नाही. करायचीच तर एवढीच, की त्यांना एकदा धड बोलायची बुद्धी दे.

रविवार, २३ फेब्रुवारी

उपासनेनंतर मास्तर मला चर्चच्या मागच्या ओट्यावर घेऊन गेले. टोपी मांडीवर ठेवली.

"पोरी, मला बरं व्हायचंय. पण तुझ्या हातून नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"हात चांगलाच आहे तुझा. मीच शिकवलाय. पण तू रागात कापतेस. बरीच वर्षं बघतोय. आणि गेला दीड महिना तर तो राग माझ्यावर आहे. पोट उघडं टाकून चिडलेल्या माणसासमोर नाही पडवत गं मला."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत!"

"तुला लागलं असतं."

"म्हणून सगळं देवावर ढकललंत?"

"तो सोसतो," मास्तर म्हणाले.

घरी येऊन रडले. मग ओट्टोला फोन लावला. मीच. तो बुधवार म्हणाला. मग त्यानेच विचारलं, "तू माझ्यासोबत आत उभी राहशील ना?"

नाही म्हटलं. मी बाहेर बेर्ताबाईंजवळ बसेन.