पाणी तुम्ही बघा

प्रिय ठमे,

तू पाठवलेला गाऊन मी घालणार नाही. का, ते सांगते. एकतीस वर्षं वॉर्डात आयाचं काम केलं, पाठीमागे नाड्या असलेले गाऊन किती जणांना चढवले त्याची गणती नाही, पण ते घालून कुणाचं तोंड खुललेलं पाहिलं नाही. मी माझे रोजचेच कपडे घालते. वेळ लागतो, लागू दे. मला कुठे गाडी पकडायचीय.

खुबा बरा आहे. तू संस्थेतून लावून दिलेली बाई रोज येते. पहिल्या दिवशी मी तिच्यावर काय तोंडसुख घेतलं ते तिने तुला सांगितलं नसेल, चुगलखोर नाही ती. परक्या बाईने माझ्या घराला नावं ठेवायला नकोत म्हणून ती यायच्या आधी मी चादर बदलायला घेतली, दुखऱ्या खुब्यानिशी, कोपरे वॉर्डातल्यासारखे दुमडून. चादर झाली, पण मी पलंगाशी जमिनीवर बसले ती उठताच येईना. पडले नव्हते, बसले होते. ती आली, पण तिने मला उचललं नाही. खुर्ची आणून समोर ठेवली, हात कुठे टेकायचा ते दाखवलं आणि थांबली. माझी मी उठले. मग म्हणते कशी, मावशी, तुमचं हॉस्पिटल आता बंद झालं. आगाऊच आहे. मी म्हटलं, चादरीचे कोपरे तुला येत नाहीत. तर म्हणे, मग शिकवा. शिकवले. अजून डावा कोपरा ढिला सोडते.

आधी ती साडेनऊला यायची. म्हणजे अर्धा दिवस पारोसं बसायचं. मी संस्थेच्या ऑफिसात फोन करून झाडलं. वाटलं, सांगतील, आजी, आमच्या वेळा अशाच आहेत. वॉर्डात आम्हीही तेच सांगायचो. पण दोन दिवसांत त्यांची मोठी बाई वही घेऊन घरी आली. तुझा भाऊ शेजारी बसलेला, तरी बोलली माझ्याशी. तुमचं तुम्हाला काय काय करायचंय, असं विचारलं. मी म्हटलं, सगळं. तिने न हसता तेच लिहून घेतलं. मग विचारलं, आणि हात कुठे द्यायचा? पाठ, मी म्हटलं. पाठ आणि पायाची बोटं. तेवढंच लिहिलं. आता रोजची बाई सकाळी साडेसहाला येते. गुरुवारी मला बाजारात नेते. पिशवी ती धरते, घासाघीस मी करते.

अंघोळीचं सांगायचं राहिलं. मी स्टुलावर बसले की ती म्हणते, “पाणी तुम्ही बघा, मी पाठीमागे आहे.” मी हात घालून बघते, गार वाटलं तर गरम ओतायला सांगते. बस, एवढंच. पण ठमे, वॉर्डात बावीस खाटा होत्या आणि आठला डॉक्टरांची फेरी. एक म्हातारे मास्तर रोज म्हणायचे, तोंड माझं मला धुता येतं. मी रोज त्यांच्या हातातून फडकं ओढून घ्यायचे. वाईट नव्हते मी, वेळ नव्हता. पाणी गार आहे की कढत, हे मी एकतीस वर्षांत कुणाला विचारलं नाही. हे मला परवा स्टुलावर बसल्यावर कळलं. मी रडले. तिला सांगितलं, साबण डोळ्यात गेला. साबण तर अजून कागदातच होता. ती तशीच पाठीमागे उभी राहिली. मग चहा केला. आम्ही समोरासमोर बसून पितो, आणि तिचा कप ती विसळते, माझा मी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्या भावाचा फोन आला होता. मोठ्या कौतुकाने सांगत होता, ताईने राजीनामा लिहून ठेवलाय, आईला सांभाळायला येणार. मी विचारलं, तू का नाही लिहिलास? त्याला खोकला आला. तुझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. तिथवर तू कशी पोचलीस ते मी पाहिलंय, त्याने नाही. बाई लावलीस तेव्हा आईला परक्याच्या गळ्यात बांधून मोकळी झालीस म्हणाले, आणि मग आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. ते चुकलं माझं. तू केलंस ते बरोबर केलंस, आणि त्यामुळेच मी माझ्या घरात, माझ्या वेळेला, माझ्या पायावर उभी आहे. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस. तो कागद फाडून टाक. यायचं तर सुट्टीत ये, दोन दिवस लोळ, माझ्या हातचं खा आणि कामावर परत जा. याच्यावर मला वाद नको, फोनवरही नको. बाकी मी काही बोलणार नाही.

तुझीच,
हट्टी आई