सईचं रडणं ग्रुपवर जाणार नाही

६ जुलै, सोम.
शाळेने पालकांसाठी ऑनलाइन वर्ग लावलाय, वाढत्या वयातल्या मुलांशी कसं बोलावं. सक्तीचा! मेथी निवडत बसले होते तर मॅडम म्हणाल्या, कॅमेऱ्याकडे बघा. हे इतवारीहून दुकान बंद करून आले नि हसले. "आता पोरीशी बोलाचं बी शिकून राहिली का तू?" हो, शिकतेय. नववीत गेल्यापासून सई घरात 'हं' आणि 'नाही' एवढंच बोलते. तुम्ही शिकवता का?

९ जुलै
मॅ.ची युक्ती: विचारा नि गप्प बसा. माझ्या स्वभावात नाही, तरी बसले. पोळ्या होता होता सई बोलली. ट्यूशनचे सर सगळ्यांसमोर मार्क वाचतात, पोरं हसतात. म्हणून ती जातच नाही, मैत्रिणीकडे बसते. ढसाढसा रडली. मधेच थांबली.
"आई, फोन उलटा काहून ठेवला? रेकॉर्ड करून राहिली का?"
नव्हते करत. पण पोरीला असं वाटावं! फार लागलं.

१० जुलै
गृहपाठ आला. मूल काय बोललं ते आपल्या आवाजात रेकॉर्ड करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. वरच्या मजल्यावरच्या प्रणालीताईंनी लगेच टाकलं, आमचा ओम अजून अंधाराला घाबरतो, माझ्याजवळच झोपतो. खाली टाळ्या, फुलं, अंगठे.
मी नाही टाकलं.

१३, सोम.
ओम व्हॅनमध्ये बसेना. पोरं चिडवतात, "मम्मी, लाइट लाव." कुणाच्या तरी घरी तो आवाज पोरांनी ऐकला, दुसरं काय.
संध्याकाळी वर्गात माइक चालू केला. म्हटलं, माझी मुलगी माझ्याशी बोलली, ग्रुपशी नाही. मॅ. म्हणे, मग सर्टिफिकेट मिळणार नाही. नको! चुलीत घाला म्हणणार होते, जीभ आवरली.
हे म्हणाले, "काहीतरी खोटं टाकून दे ना वं. शाळेशी काहून वाकडं घेते? अन् बोलली काय ती?"
"तिलेच विचारा."

१४ जुलै
शाळेतून आल्या आल्या सई, "माझं टाकलं का?"
फोन तिच्या हातात दिला. उभ्यानेच सगळा ग्रुप खाली-वर केला. ओमचं लावलं नाही, पुढे गेली.
"बाबाले सांगितलं?"
"नाही. पण सांगा लागते, सई. तू सांग. मी बाजूले बसीन."
"अन् ते ओरडले तर?"
"तर मी त्यायच्याहून जोरात ओरडीन."
हसली नाही. दप्तरही काढलं नाही पाठीवरचं.
खाली ह्यांची गाडी लागली. तिने माझा हात धरला, लहानपणी धरायची तसा. जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं नि सईनेच सुरुवात केली, "बाबा, मी ट्यूशनले जातच नाही."