साहेबांचा खुंट

पुणे, १४ एप्रिल १९७३

तीर्थरूप आबांना मच्छिंद्रचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत हाय. पोटभर जेवतो, शिपायाचं काम हलकं हाय. छबू, हे आबांना सावकाश वाचून दाखव.

आमचे पक्षीवाले साहेब चार दिवस एकाच फोटोवर डोकेफोड करतायत. आपल्या कर्जतच्या माळावर जीपमधून लांबनं काढलेला, सगळा धुरकट. त्यात एक पक्षी, शेजारी तेवढ्याच उंचीचा वाळका खुंट. खुंट हातभर धरला, म्हणून पक्षी कोंबडीएवढा, म्हणून तणमोर! ही यांची अक्कल, आणि ह्यांना पगार मिळतो.

ती उंच मान बघून मी चहा ठेवताठेवताच ओळखलं, माळढोक हाय, माणसाच्या कमरेला लागणारा. आपल्याकडचं शेंबडं पोरबी सांगंल. आज तसं बोललो, तर मोठे साहेब हसले. "तू कपबशा उचल."

उचलताना फोटो पहिल्यांदा जवळनं बघितला.

आबा, तो खुंट न्हाई. घोंगडी पांघरून उकिडवे बसलेले तुमी हाय. पाठीवर आईनं लावलेलं पांढरं ठिगळ दिसतंय. आजूबाजूला मेंढरू मात्र एकबी दिसत न्हाई. छबू तर पत्रात लिहिते, दुष्काळातबी सगळी जित्राबं धड हायत. खरं काय ते कळवा.

ज्यांना माणूस ओळखता येत न्हाई, ते पक्षी काय ओळखणार! साहेबांना मी काही सांगितलं न्हाई.

पण आबा, तुमी इतके कसे वाळलात? चार दिवस मलाबी खुंटच दिसत हुता.

तुमचा,
मच्छिंद्र