दीड आटा

३ नोव्हेंबर, रविवार

दिला! आणि कुणाला — माझ्या नवऱ्याला!

जेवणं झाली, आई ताटं उचलत होती, आणि बाबा आतून ती निळी पिशवी घेऊन आले. मला वाटलं, आली आपली वेळ. मी हातसुद्धा पुसले. ते मला ओलांडून पलीकडे गेले आणि म्हणाले, "जावईबापू, हा आता तुमचा."

मल्टिप्लायर. मासेमारीचं रीळ, खास त्यांचं. बत्तीस वर्षं जे मी नुसतं हातात धरायला मागतेय ते! नवरा म्हणाला, "अहो बाबा, मला कशाला? मला अजून गळ बांधता येत नाही." खरंच येत नाही. सहा महिने झाले समुद्रावर यायला लागून, अजून मीच बांधून देते.

"आणि मला?" मी विचारलं. हसत विचारलं.

"तुझ्याकडे आहे की."

आहे. फिक्स्ड स्पूलचं रीळ. नऊ वर्षांची होते तेव्हा मिळालेलं. तेव्हाही मी मल्टिप्लायरच मागितला होता, तर म्हणाले, "आधी अंगठा मोठा होऊ दे, बाईसाहेब." एक्केचाळीस पूर्ण झाली मला. अजून केवढा व्हायचाय अंगठा?

४ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानात कामावर असताना स्क्रू चिमट्यातून उडाला. दोनदा. माझ्या हातून! घरी आले तर नवरा सोफ्यावर बसून मल्टिप्लायर पुसतोय. माझ्या चष्म्याच्या फडक्याने.

६ नोव्हेंबर, बुधवार

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. म्हटलं, आपला आपण घेऊ, कुणाचे उपकार नकोत. दुकानदार म्हणाला, "साहेबांसाठी का?" तिथेच डोकं फिरलं. पण मग त्याने इतकं मन लावून समजावलं की गप्प ऐकून घेतलं.

"हे बघा ताई, फिक्स्ड स्पूलची फिरकी जागची हलत नाही. फेकलं की दोरी तिच्या काठावरून नुसती सुटत जाते. वारा समोरून असो, दोरीच्या टोकाचं शिसं हलकं असो, गुंता म्हणून नाही. मल्टिप्लायरची फिरकीच गरागरा फिरते. जड शिसं, लांब फेक, दांडगा मासा — तिथे त्याला तोड नाही. पण अंगठा पाहिजे! शिसं पाण्यात पडलं की त्याच क्षणी अंगठ्याने फिरकी दाबायची. नाही दाबली तर ती फिरतच राहते, मग बसा दिवसभर दोरी सोडवत."

बत्तीस वर्षं बाबांच्या शेजारी उभं राहून हे मला पाठ आहे. तरी मान हलवली. एक नवा मल्टिप्लायर हातात घेतला. जड, गार, सुरेख. परत ठेवला.

मला मल्टिप्लायर नकोय. मला तो हवाय.

१० नोव्हेंबर, रविवार

समुद्रावर तिघं. बाबा घडीच्या खुर्चीवर. वर्षभर असंच चाललंय — गुडघा म्हणे. रॉडला हात लावत नाहीत, नुसत्या सूचना.

आज सगळ्या सूचना जावईबापूंना. फेकायच्या आधी शिसं लोंबतं सोडून बघायचं. सावकाश खाली उतरलं तर बाजूचं, फिरकी आवळायचं गोल बटण बरोबर. धपकन पडलं तर सैल आहे, आवळायचं. मला पाचवीत असताना सांगितलं होतं हे. स्वतः कधी एकदाही चुकवलं नाही त्यांनी. आता कौतुकाने त्याला सांगतायत — आणि तो मान डोलावतोय, जसं काही मंत्रच मिळाला!

तिसरी फेक जरा लांब गेली. "वा! वा जावईबापू!" आसपासची माणसं वळून बघायला लागली. मासा? शून्य. मी माझ्या जुन्या रीळावर दोन धरले. बाबा बादलीत डोकावून म्हणाले, "लहान आहेत."

घरी येताना कुणाशी बोलले नाही. नवरा विचारतो, "ऊन लागलं का तुला?" हो. ऊनच लागलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

नवरा सकाळी सहाला कामावर जातो. सव्वासहाला निळी पिशवी घेऊन मी मागच्या मोकळ्या मैदानात.

पहिली फेक — गुंता. असला गुंता की कावळ्यानेही घरटं म्हणून नाकारला असता. दुकानात कळवलं, पोटात दुखतंय. घरी दोन तास चिमट्याने एकेक वेढा सोडवला. परत मैदानात. दुसरी फेक बरी. तिसरी —

दोरी शिट्टी वाजवत सुटली. अंगठ्याखालून फिरकी पळत होती आणि मला तिचा वेग कळत होता, नेमका. शिसं टेकताक्षणी अंगठा आपोआप खाली गेला. एक वेढासुद्धा सैल नाही!

बघायला एक कुत्रं होतं. तेही निघून गेलं.

रीळ जसंच्या तसं पिशवीत ठेवलं. तेव्हापासून जळफळाट दुप्पट झालाय. येत नसतं तर एक वेळ चाललं असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बाबांचा फोन. मीच उचलला. "जावईबापूंना म्हणावं, उद्या जड शिसं आणा." बरं. "आणि टोपी घ्यायला सांग त्यांना." बरं. ठेवला. मी डोकं उघडं ठेवून आले तरी चालेल बहुतेक.

नवरा आंघोळीला गेला तेव्हा पिशवी उघडली आणि बाजूचं बटण सैल केलं. दीड आटा. जास्त नाही. तो काही तपासणार नाही, ते त्याच्या लक्षात राहत नाही. उद्या बाबांच्या देखत एकच गुंता व्हावा, आणि त्यांनी एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडे वळून बघावं. एवढंच.

१७ नोव्हेंबर, रविवार

नवरा फेकणार, तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. "द्या बरं इकडे. बघू, विसरलो का."

त्यांनी सवयीने शिसं लोंबतं सोडलं. धपकन वाळूत पडलं. मेले! आता आवळतील, आता ओळखतील. बाबा शिशाकडे क्षणभर बघत राहिले. मग रॉड मागे नेला आणि फेकला.

फिरकी किंचाळली. दोरी फुगून बाहेर आली, ताडकन तुटली, शिसं कुठे गेलं देव जाणे. आणि बाबा अंगठा तसाच फिरकीवर ठेवून उभे.

"बाबा, रक्त!"

"कुठे?"

अंगठ्याचं कातडं सोललं होतं. मनगटापर्यंत ओघळ आला होता. त्यांना पत्ता नव्हता! मी दाखवलं तेव्हा त्यांनी पाहिलं, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं. चाळीस वर्षं छापखान्यात याच अंगठ्याने अक्षरांचे खिळे जुळवले त्यांनी, न बघता.

नवरा कावराबावरा. "माझीच चूक बाबा, माझ्याकडूनच काहीतरी फिरलं असणार." मी रुमाल बांधला. बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर

आईला फोन केला. वर्षभर झालं अंगठा बधिर होऊन. औषधं चालू आहेत, उपयोग नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही. "तुला अजिबात सांगू नको म्हणाले. माझी शपथ घातली." शपथ आईला, आणि औषधाची बाटली फ्रीजमागे.

बटण घट्ट असतं तरी त्या अंगठ्याने तेच झालं असतं, असं मनाला समजावतेय. पटत नाही.

२० नोव्हेंबर

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी नव्हतो?" तीन दिवस धड जेवला नव्हता, ते मला आत्ता दिसलं. चिडला नाही. निळी पिशवी माझ्या कपाटात ठेवली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

नवरा गाडीतून थर्मास आणायला गेला तेव्हा सांगून टाकलं. "बाबा, बटण मी सैल केलं होतं."

"माहीत आहे. दीड आटा. म्हणून तर फेकला. अंगठा शाबूत असता तर तसल्यावरही नीट फेकला असता मी."

"मग मला का नाही दिलात?"

"जावईबापूंच्या हातात तो कधी नीट चालायचा नाही. तुझ्या हातात चालला असता. शेजारी बसून ते मला बघवलं नसतं गं."

मग उठले आणि माझा रॉड मागून घेतला. माझा, जुना, फिक्स्ड स्पूलचा.

"यात दोरी कुठल्या बोटाने धरायची," म्हणाले, "ते दाखव."