पाठीवरचे टाके

प्रिय ठमे,

फॅशन शो कसा झाला, एकूण एक लिहून कळव म्हणालीस. पुढच्या मोसमात मास्तर तुला त्यांच्या कपड्यांत चालवणार, मावशीकडे आरशासमोर तुझा सराव चाललाय, म्हणजे तुला उत्सुकता असणारच. आठ दिवस झाले, लिहायला हात धजत नव्हता.

तर ऐक. कपडे उन्हाळ्याचे आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी; आमच्या धंद्याचं सगळंच उलटं. पहिले झगे फिक्या पिस्ता रंगाचे, इतके तलम की मुलींच्या अंगावरचा काटा पहिल्या रांगेला दिसला असेल. मग लिंबू रंग, मग पांढरे. एका जाकिटाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत. नाक खाजलं तर काय करायचं, देव जाणे! कापडावरची पानं मात्र मास्तरांनी स्वतः रंगवलेली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांचं पारणं फिटलं. माणूस गुणी आहे, म्हणून तर तीस वर्षं त्यांच्याकडे शिवत आले.

शेवटचा झगा पांढऱ्या रेशमाचा. त्याला चेन नाही, बटण नाही. मुलीच्या अंगावरच पाठ शिवायची आणि ती चालून आली की टाके उसवायचे. ती मुलगी तुझ्याच वयाची. आम्ही तिला काडी म्हणायचो. पहिल्यांदा झगा घालून पाहिला तेव्हा कंबर सैल, मी आत घेतली. आठवड्याने परत सैल, परत घेतली. खातेस तरी काय गं, म्हणून विचारलं, तर हसून पाण्याची बाटली दाखवली. मीही हसले. मेलं, हसायला काय झालं होतं मला!

त्या दिवशी काडी चालून आली आणि पडद्यामागे कोसळली. श्वास घेता येईना. रेशीम छातीला आवळून बसलेलं. कात्री माझ्या गळ्यात लटकत होती. मास्तर ओरडले, कापड कापू नका. आणि ठमे, मी गुडघ्यांवर बसून टाके उसवत राहिले. एकेक. रेशमाला ओरखडा येऊ नये म्हणून सुईच्या टोकाने, रोज उसवते तसे. झगा शाबूत निघाला. दवाखान्यात पोचेपर्यंत काडी गेली होती. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहून हृदयच थकलं होतं, मनाला लावून घेऊ नका. मला ते पटत नाही.

मुलीला ताबडतोब मोकळं केलं, असंच सगळ्यांनी सांगायचं ठरलं. मास्तरांनी मला बाजूला घेतलं, तुझं नाव काढलं, आपल्या लेकीचं भलं बघा म्हणाले.

काल पोलिसांनी चौकशीला बोलावलं होतं. मास्तर काय बोलले आणि मी काय केलं, दोन्ही सांगून आले. माझं काम गेलं आणि तुझी निवडही गेली, बाळा. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवावं, म्हणून हे पत्र. काडीला न्याय मिळावा म्हणून बोलले, असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. पण खरं कारण तू होतीस. पुढच्या शोला तुझी पाठ शिवायला मीच बसले असते. मास्तर पुन्हा तसेच ओरडले असते, तर माझ्या हातांनी काय केलं असतं, याचा मला भरवसा नाही. चिड, रड, माझं तोंड बघू नकोस. पण मावशी वाढेल ते जेव.

तुझीच, आता घरीच असलेली,
आई