सुईनंतरचा एक दिवस

६ जानेवारी, सोमवार

पलीकडच्या खोलीत इल्मा रडली की माझा कुर्ता भिजतो! मी काहीच करत नाही. भाकरी थापत असते, नाहीतर झाडत असते — तिचा आवाज कानावर पडला की दूध सुटतं. कोणासाठी? माझं बाळ जाऊन महिना होत आला.

गझालाभाभी आणि मी, एका घरातल्या दोघी जावा, एकाच महिन्यात बाळंत झालो. तिची इल्मा राहिली. माझा मुलगा चार दिवस यवतमाळला काचेच्या पेटीत होता, मग नाही. दूध आटायची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली, माझ्या नवऱ्यानं, अफरोजनं, आणून दिली. मी घेतलीच नाही. उशीखाली पडून आहे. का नाही घेतली, हे कोणी विचारलंही नाही.

जळते मी भाभीवर. दुसरा शब्द नाही त्याला. तिनं बाळाला ओढणीखाली घेतलं की मी उठून बाहेर जाते. सासूबाई, म्हणजे अम्मी, म्हणतात, "आरजू, जरा इल्मेले घे न." नाही घेत. घेतलं की परत द्यावं लागतं.

शाळा मराठीतून झाली म्हणून वही मराठीत. अम्मींना मराठी वाचता येत नाही आणि अफरोज गॅरेजमधून आला की जेवून झोपतो. तेव्हा इथे काय वाट्टेल ते लिहावं.

८ जानेवारी

भाभीचं डोकं आठवडाभर ठणकतंय. आज म्हणाली, एकाचे दोन दिसून राह्यले. चहाचा कप ओट्यावर ठेवायला गेली तो ओट्याच्या बाहेर. फुटला.

मला क्षणभर बरं वाटलं! तिचंही काहीतरी बिघडलं म्हणून. मग खाली बसून तुकडे गोळा केले. मी अशी नव्हते.

९ जानेवारी

इथल्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढायला सांगितलंय. यवतमाळला, शनिवारी. साधा नाही — मधेच हातात सुई देऊन औषध सोडतात, त्यानं आतलं सगळं उजळून दिसतं म्हणे.

जुनेदभाईंनी, म्हणजे भाभीच्या नवऱ्यानं, सेंटरला फोन लावला. स्पीकरवर. तिकडचा माणूस भराभर सांगत होता. किडनीची रक्ततपासणी आधी करून आणा, किडनी कमजोर असली तर ते औषध अंगातून लवकर निघत नाही. दमा आहे का? आधी कुठल्या सुईनं अंगावर गांधी उठल्या होत्या का? गरोदर नाहीत ना? पिना, चमकी, बांगड्या, काही अंगावर ठेवू नका. आणि सगळ्यात शेवटी — "बाळ अंगावर पितं का? मग सुईनंतर एक दिवस पाजू नका."

जुनेदभाई म्हणाले, "दुधाचा डबा आणतो मी."

भाभी म्हणाली, "डबा कायले? आरजू आहे न."

आरजू आहे न! गोठ्यात बांधलेली दुसरी म्हैसच जशी! महिनाभर माझ्याकडे कोणी डोळा वर करून पाहिलं नाही, आपल्यासमोर रडेल म्हणून. आता काम पडलं तर बरोबर आठवण झाली. रागानं कान तापले माझे.

आणि त्याच वेळी कुर्ता भिजला. बेइमान!

१० जानेवारी

रक्ताचा रिपोर्ट आला. भाभीची किडनी छान आहे. तिचं सगळंच छान असतं.

अम्मींनी आम्हा दोघींना समोर बसवलं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "एक घोट जरी पोटात गेला न, तं आरजू तिची दूधमाँ झाली. जनमभराची. उद्या आरजूले पोरगा झाला तं त्याची अन् इल्मेची सोयरीक होत नाही, भाऊ-बहीण होतात ते. मांगून बोलायचं नाही कोनी. इचार करून सांगा."

भाभीनं शेंग खाली ठेवायच्या आत सांगितलं, "मले मंजूर हाय."

तिचं काय जातं मंजूर म्हणायला! मजबुरीही तिची आणि मोठेपणाही तिचाच.

अफरोज गॅरेजला निघताना गाडीला किक मारून थांबला. "तुले झेपन का?" एवढंच विचारलं त्यानं. मी हो म्हटलं. मग किती तरी वेळ नुसतीच दारात उभी होते.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी भाभीच्या नाकातली चमकी निघेना. साबण लावून काढली शेवटी. माझ्या हातात दिली, "सांभाळ." मग इल्मा दिली. तिच्याबद्दल मात्र सांभाळ म्हणाली नाही. पाठ फिरवून गाडीत बसली.

इल्मा आधी घेईना. नाक घासलं, तोंड फिरवलं, किंचाळली. वास वेगळा ना! मी घामाघूम. अम्मी म्हणाल्या, "दम खाय, तुहा जीव घाबरला तं तिचाबी घाबरते." आणि मग धरलं तिनं. धरलं! दुखलं केवढं! डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी हसत होते. तिच्या गालावर माझं दूध सांडलं. मी ते पुसलंच नाही.

दुपारी ती आणि जुनेदभाई परतले. मला वाटलं भाभी धावत येईल, हिसकून घेईल. नाही आली. हातपाय धुऊन दारात उभी राहिली.

अम्मींनी विचारलं, "काय म्हनले? दुधाचं इचारलं का?"

भाभी खाली बघत म्हणाली, "उद्यापर्यंत आरजूच पाजन."

आणि उभीच तिथे! मी इल्मेवर ओढणी ओढून घेतली. माझ्यावर पहारा करत होती. मी काय चोरून नेणार होते तिची पोर? तिच्या कुर्त्यावर दोन ओले डाग होते. ते मी पाहिले आणि नजर वळवली.

१२ जानेवारी

मोरीत भाभी दूध पिळून टाकत होती. छाती दगडासारखी झाली म्हणून अम्मी गरम फडक्यानं शेकत होत्या. कण्हणं ऐकू येत होतं. मनात आलं — कळलं ना आता! मी महिनाभर हेच करते, एकटी, नळ सोडून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

दुपारी एक दिवस पुरा झाला. इल्मा द्यावी लागली. आईकडे जाताच तिनं झटकन धरलं. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते बाळच — त्याच्यावर कसला राग! पण आला.

१३ जानेवारी

एमआरआयचा रिपोर्ट आला. डोक्यात खालच्या बाजूला एक छोटी ग्रंथी असते, ती सुजलीय. बाळंतपणानंतर होतं म्हणे कोणाकोणाला. गोळ्यांनी उतरेल. तीन-चार आठवड्यांनी परत फोटो. घरात पेढे आले.

माझा कुर्ता दोनदा बदलला.

१७ जानेवारी

भांडले आज. भाभी दोरीवर कपडे वाळत घालत होती. इल्मा पाळण्यात रडायला लागली म्हणून मी उचललं, तर म्हणाली, "आन इकडं, भूक लागली तिले." एवढंच. पण माझं डोकंच फिरलं.

"काम होतं तवा आरजू आठवली, आता मी कोन? एक दिवसाची आई केलं मले! त्यापरीस डबाच आनला असता तं बरं झालं असतं!"

ती हातातलं ओलं कापड तसंच धरून उभी. मग अम्मी आल्या, मलाच बोलल्या. "ऑपरेशन थिएटरातून आल्यासारखी होती ते पोरगी, अन् तू हिशोब काढून राह्यली!" साहजिकच. आजारी तीच, बिचारी तीच, आईही तीच.

१८ जानेवारी

अफरोज म्हणाला, गोळी घेऊन टाक. उशीखालून काढली, पाण्याचा ग्लासही भरला. इल्मा रडली. गोळी परत ठेवली.

२६ जानेवारी

भाभीला आता एकाचा एकच दिसतो. आज इल्मेला आपणहून माझ्या मांडीवर टाकून न्हायला गेली. परत यायला उशीर लावला. इल्मा चुळबुळायला लागली तर न्हाणीतूनच ओरडली, "पाज न, कायले रडवतं!" उपकार करते माझ्यावर!

पाजलं मी. उपकार तर उपकार.

७ फेब्रुवारी

उद्या परत यवतमाळ, परत तीच सुई. जुनेदभाईंना कापसाची गाडी घेऊन जायचंय म्हणून भाभीसोबत मी जातेय, इल्मेला घेऊन. म्हणजे पुन्हा एक अख्खा दिवस इल्मा माझी!

सकाळपासून गुणगुणतेय मी. भाभीच्या दुखण्यावर खूश होणारी बाई जगात मी एकटीच असेन. नवा कुर्ता काढून ठेवलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुईआधी तिथल्या डॉक्टरबाई भाभीला विचारत होत्या, मागच्या वेळी मळमळ, खाज काही? मीच मधे तोंड घातलं — "एक दिवस बाळाला मी पाजीन, मॅडम." त्यांनी वर पाहिलं. "कशाला? फोनवर जुनंच सांगतात अजून. दुधात ते औषध नावापुरतं उतरतं, बाळाला काही होत नाही. मागच्या वेळी यांनी मला दोनदा विचारलं होतं, मी दोनदा सांगितलं — घरी गेल्या गेल्या पाजा."

मी भाभीकडे पाहिलं. ती चमकी काढत होती.

परत येताना बसमध्ये विचारलं, खोटं काहून बोलली? खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धुनं मी धुतो न, आरजू. तुहे कुर्ते रोज दुधानं कडक होऊन येत. मले दिसत नव्हतं काय?"

इल्मा रडली. दोघींचे कुर्ते भिजले.